‘एक्लेक्टिक’ म्हणजे काय? : एका शब्दाचे अर्थ, उपयोग आणि दुरुपयोग
(अहिवारा, जिल्हा दुर्ग, येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वैचारिक वादविवादात काही शब्द असे असतात की, ते उच्चारताच समोरच्याचे तोंड बंद होते. आणि त्यांचा अर्थ विचारताच उच्चारणाऱ्याचेही तोंड बंद होते. ‘एक्लेक्टिक’ हा अशांपैकी एक शब्द आहे. युनियनच्या बैठकीत एखाद्याने मजुरीच्या मागणीबरोबर दारूबंदीचा, दवाखान्याचा किंवा जातीच्या प्रश्नाचा उल्लेख केला की, दुसरा कोणीतरी ‘ही भूमिका एक्लेक्टिक आहे’ असा शेरा मारतो. पुष्कळदा चर्चा तेथेच संपते. याउलट चित्रकलेच्या परीक्षणात, घरसजावटीच्या जाहिरातीत किंवा संगीताच्या मैफलीच्या वृत्तांतात हाच शब्द गौरवाने वापरलेला आढळतो. एकच शब्द एका ठिकाणी निंदा आणि दुसऱ्या ठिकाणी स्तुती कशी काय ठरतो, याचा उलगडा करणे हा केवळ कोशकारांचा विषय नाही. कोणत्या गोष्टी एकत्र आणाव्यात आणि कोणत्या आणू नयेत, हा कामगार चळवळीपुढचा रोजचा प्रश्न आहे, आणि तोच या शब्दामागे दडलेला आहे.

शब्दाचे कूळ

हा शब्द मूळचा ग्रीक आहे. ‘निवडून घेणे’ असा अर्थ असलेल्या क्रियापदापासून तो बनला. म्हणजे त्याच्या मुळाशी मिसळण्याची नव्हे, निवडण्याची क्रिया आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. प्राचीन ग्रीक जगात अकादमी, ॲरिस्टॉटलचा पंथ, स्टोइक आणि एपिक्युरसचे अनुयायी असे निरनिराळे संप्रदाय एकमेकांशी भांडत होते. इसवी सनाच्या प्रारंभाच्या सुमारास अलेक्झांड्रिया येथील पोटॅमो नावाच्या विचारवंताने प्रत्येक पंथातून आपल्याला पटेल ते निवडून घेणारा पंथ काढला, अशी नोंद डायोजिनीस लेअर्शियस या चरित्रकाराने करून ठेवली आहे. रोमचा सिसेरो हाही याच वृत्तीचा प्रतिनिधी मानला जातो.

पुढे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दिदरो याने आपल्या विश्वकोशाच्या 1755 साली निघालेल्या पाचव्या खंडात या विषयावर प्रदीर्घ नोंद लिहिली. दिदरोच्या दृष्टीने एक्लेक्टिक म्हणजे बंडखोर. पूर्वग्रह, परंपरा, बहुमान्य समजुती आणि थोरामोठ्यांचा अधिकार यांपैकी कशापुढेही मान न वाकवता स्वतःच्या बुद्धीने पारखून घेणारा माणूस, असे चित्र त्याने रेखाटले. धर्मपीठ आणि राजसत्ता यांनी ज्या काळी विचारावर पहारे बसवले होते, त्या काळी निवड करण्याचा हक्क सांगणे हीच क्रांतिकारक गोष्ट होती.

पण त्याच फ्रान्समध्ये शंभर वर्षे उलटण्यापूर्वीच या शब्दाने कूस बदलली. 1830 च्या जुलै क्रांतीनंतर लुई फिलिप गादीवर आला. त्याच्या राजवटीला ना जुनी सरंजामशाही परत हवी होती, ना 1793 ची क्रांती. दोहोंच्या मधोमध आपले आसन स्थिर करू पाहणाऱ्या बँकवाल्यांच्या या राजवटीला एका मधल्या तत्त्वज्ञानाची गरज होती. ती व्हिक्टर कूझँ याने भागवली. प्रत्येक तत्त्वज्ञानात थोडे सत्य असते, तेवढे वेचून एकत्र केले की पूर्ण सत्य हाती लागते, अशी त्याची शिकवण होती आणि तिचे नावच एक्लेक्टिसिझम असे होते. कूझँ 1840 मध्ये शिक्षणमंत्री झाला आणि ही शिकवण फ्रान्सच्या विद्यापीठांची जवळजवळ सरकारी शिकवण बनली. जो शब्द 1755 साली बंडखोराचा होता, तो 1840 साली मंत्र्याचा झाला. शब्द तोच राहिला, पण निवड कोण करतो आणि कशासाठी करतो, हे बदलले. एंगल्स यांनी जर्मन विद्यापीठांतील तत्त्वज्ञानाला भिकाऱ्याच्या पातळ रश्शाची उपमा दिली, ती या सरकारमान्य निरुपद्रवी मिश्रणाला उद्देशून होती.

मराठीत काय म्हणावे?

या शब्दाचे मराठीकरण करताना भाषांतरकाराची खरी अडचण होते. तत्त्वज्ञानावरील पुस्तकांत ‘सारसंग्रहवाद’ असा प्रतिशब्द आढळतो. आपल्याकडे ‘सार’ हा शब्द फार आदराचा आहे. नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या गणितग्रंथाचे नावच ‘गणितसारसंग्रह’ असे आहे. ‘सारग्राही’ वाचक म्हणजे चांगला वाचक. दूध आणि पाणी वेगळे करणारा हंस, फुलाफुलांतून मध गोळा करणारा भुंगा, या उपमा आपल्याकडे निवडक बुद्धीच्या स्तुतीसाठीच वापरल्या जातात. तेव्हा लेनिन यांनी एखाद्यावर केलेला एक्लेक्टिक असल्याचा आरोप ‘सारसंग्रहवादी’ असा भाषांतरित केला, तर मराठी वाचकाला ते प्रशस्तिपत्रक वाटण्याचा संभव असतो.

निंदेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही, आणि त्यांतले बरेचसे स्वयंपाकघरातून आले आहेत. खिचडी, भेळ, मिसळ, कडबोळे. परस्परांशी न जुळणाऱ्या पक्षांच्या सरकारला वृत्तपत्रे ‘कडबोळे सरकार’ म्हणतात. पण या उपमाही तपासून घेतल्या पाहिजेत. खिचडीतील डाळ आणि तांदूळ एका पाण्यात, एका आचेवर शिजतात आणि दोहोंची मिळून एक नवी चव तयार होते. भेळेत चुरमुरा चुरमुराच राहतो आणि शेव शेवच राहते. थोडा वेळ ठेवली की सगळेच मऊ पडते. निंदा करायचीच तर भेळ हा शब्द अधिक नेमका आहे. खिचडी बिचारी उगाच बदनाम झाली आहे. वारकऱ्यांच्या काल्यात तर मिश्रणाचा हेतूच वेगळा असतो. तेथे सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र येतात, कारण त्या वेगवेगळ्या खाण्याची रीत मोडायची असते.

याच संदर्भात आणखी एका शब्दाचा विचार करणे अवश्य आहे. दोन भाषांच्या किंवा दोन रीतींच्या मिश्रणाला हिणवण्यासाठी मराठीत ‘धेडगुजरी’ हा शब्द सर्रास वापरला जातो, आणि चांगले लेखकही तो वापरतात. त्याच्या पोटात एका दलित जातसमूहाविषयीची तुच्छता आहे. हा केवळ योगायोग नव्हे. जातिव्यवस्थेने मिश्रणाची कायमच धास्ती घेतली. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला युद्धापेक्षा वर्णसंकराचे भय अधिक वाटते. जेथे समाजाची सगळी रचनाच वेगळेपणावर उभी असते, तेथे मिसळणे हेच पाप ठरते. म्हणून एखाद्या भूमिकेवर ‘संकर’ म्हणून टीका करण्यापूर्वी, टीका करणारा तर्काच्या आधारे बोलतो आहे की सोवळ्याच्या, हे पाहिले पाहिजे. हाच ‘संकर’ शब्द शेतीत आला, तेव्हा त्याचा डाग धुऊन निघाला. 1964 मध्ये सी.एस.एच.-1 हे संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले आणि ‘संकरित’ म्हणजे जास्त पीक देणारे, असा अर्थ शेतकऱ्यांच्या तोंडी रुळला. उत्पादनाच्या व्यवहाराने शब्दाचे मोल कसे पालटते, याचा हा उत्तम दाखला आहे.

निरनिराळ्या क्षेत्रांतील उपयोग

आता हा शब्द कोणकोणत्या क्षेत्रांत कसा वापरला जातो, हे पाहू.

वास्तुकलेत एकोणिसावे शतक हे एक्लेक्टिक शैलीचे शतक म्हणूनच ओळखले जाते. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे त्याचे ठळक उदाहरण. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या या इमारतीचे बांधकाम 1878 मध्ये सुरू झाले. युरोपातील गॉथिक कमानी, वर घुमट, आणि दगडात कोरलेली भारतीय पाने-फुले व पशुपक्षी असा तिचा थाट आहे, कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. 2004 मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. इमारत देखणी आहे याविषयी वाद नाही. पण कोणाचे काय कोठे घेतले, हेही त्या दगडांत वाचता येते. आराखडा राज्यकर्त्यांचा, अलंकार प्रजेचे. निवड करण्याचा अधिकार एकाच बाजूला होता.

रंगभूमीवरील उदाहरण याहून वेगळे आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ नाटकाचा प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात झाला. त्यातील पदांसाठी त्यांनी कीर्तनातील साकी-दिंडी, लावणीचा बाज, कर्नाटकी चाली आणि हिंदुस्थानी राग यांपैकी काहीच वर्ज्य मानले नाही. 1911 मध्ये आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या वेळी गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडील पूरब ढंगाच्या गायकीतून चाली घेतल्या. या सामग्रीची यादी केली तर भेळच वाटेल. प्रत्यक्षात त्यातून नाट्यसंगीत नावाचा एक स्वतंत्र प्रकार जन्माला आला, कारण निवडीमागे एकच गरज होती. रंगमंचावरील पात्राचे मनोगत, समोर बसलेल्या मराठी प्रेक्षकाला, त्या क्षणी समजले पाहिजे. जे या कसोटीला उतरले ते टिकले. उरलेले गळून पडले.

वैद्यकात तर ‘एक्लेक्टिक’ नावाचा एक पंथच होऊन गेला. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रक्त काढणे आणि पाऱ्याची औषधे देणे हे प्रतिष्ठित डॉक्टरांचे उपचार होते. त्यांना कंटाळलेल्या वैद्यांनी वनस्पतींची औषधे, त्यात तेथील आदिवासींना ठाऊक असलेली औषधेही, निवडून घेतली. सिनसिनाटी येथील त्यांची एक्लेक्टिक मेडिकल इन्स्टिट्यूट 1845 ते 1939 पर्यंत चालली. रोग्याचा जीव घेणाऱ्या रूढीविरुद्ध त्यांचे बंड योग्यच होते. पण ‘जे गुणकारी ते घ्यावे’ एवढ्यानेच भागत नाही. गुण का येतो हे कळावे लागते. रोगजंतूंचा शोध लागून वैद्यकाला शास्त्रीय पाया मिळाला, तेव्हा कारणमीमांसा नसलेला हा पंथ मागे पडला. मानसोपचारात आजही ‘एक्लेक्टिक’ पद्धतीने उपचार करणारे पुष्कळ आहेत, आणि तेथेही हाच वाद चालू आहे. अनेक पद्धतींतील तंत्रे उचलणे वेगळे आणि त्या सर्वांचा एका सिद्धांतात मेळ घालणे वेगळे, असे त्या क्षेत्रातील जाणकारच मानतात.

अर्थशास्त्रातही हा शब्द आहे. बहुराष्ट्रीय कंपन्या परदेशात कारखाने का काढतात, याचे उत्तर देण्यासाठी जॉन डनिंग या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने 1976 मध्ये स्टॉकहोम येथील परिसंवादात आपला ‘एक्लेक्टिक’ सिद्धांत मांडला. कंपनीच्या मालकीची तंत्रे व नाममुद्रा, विशिष्ट जागेचे फायदे, आणि परवाना विकण्यापेक्षा व्यवहार स्वतःच्या हातात ठेवण्याचा लाभ, या तीन गोष्टी एकत्र आल्या की परदेशी गुंतवणूक होते, असे त्याचे म्हणणे. हे दूरचे वाटेल, पण अहिवाऱ्याच्या शेजारी जामुलचा सिमेंट कारखाना आहे. तो चालवणारी ए.सी.सी. कंपनी 2005 पासून होल्सिम या स्विस समूहाच्या प्रभावाखाली आली आणि 2022 मध्ये अदानी समूहाकडे गेली. स्वित्झर्लंडच्या भांडवलाला छत्तीसगडच्या चुनखडकापर्यंत कोणी आणले, हे डनिंगची तीन कारणे बऱ्याच प्रमाणात सांगतात. पण जागेच्या फायद्यांत कंत्राटी कामगाराची स्वस्त मजुरीही मोडते. ती स्वस्त का राहते आणि त्या फायद्याचे मोल कोण चुकवतो, हा प्रश्न त्या तीन कारणांच्या यादीत आपोआप येत नाही. तो कोणीतरी विचारावा लागतो.

राज्यघटनेचे उदाहरणही येथे घेतले पाहिजे. घटनेचा मसुदा ही निरनिराळ्या देशांच्या घटनांची उसनवारी आहे, असा आक्षेप संविधान सभेच्या काळातच घेण्यात आला होता. 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला उत्तर देताना उसनवारीची लाज बाळगली नाही. घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचा मक्ता नसतो, असेच त्यांचे म्हणणे होते. 1935 च्या कायद्यातून प्रशासनाचा बराच तपशील आला, हे त्यांनी मान्य केले. पण 1935 च्या कायद्याने मताचा हक्क मालमत्ता आणि शिक्षण पाहून मोजक्यांना दिला होता. नव्या घटनेने तो प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला दिला. जुने सामान नव्या पायावर आले की त्याचा अर्थ बदलतो. ज्यांना घटनेतील उसने कलम दिसते पण हा पाया दिसत नाही, त्यांची टीका वरवरची ठरते.

लेनिन आणि पेला

मार्क्सवादी साहित्यात या शब्दाला जो तीव्र अर्थ आला, तो मुख्यतः लेनिन यांच्या लिखाणातून. 1920-21 च्या हिवाळ्यात सोव्हिएत पक्षात कामगार संघटनांच्या भूमिकेवर मोठा वाद झाला. ट्रॉट्स्की उत्पादनाच्या बाजूवर भर देत होते. लेनिन राजकीय बाजू निर्णायक मानत होते. बुखारिन यांनी मध्यस्थाची भूमिका घेऊन, दोन्ही बाजूंत तथ्य आहे, तेव्हा दोन्ही एकत्र कराव्यात असे सुचवले. त्यासाठी त्यांनी टेबलावरच्या काचेच्या पेल्याचे उदाहरण दिले. एकजण म्हणतो ही काचेची नळकांडी आहे, दुसरा म्हणतो हे पिण्याचे भांडे आहे. वास्तविक तो दोन्ही आहे.

जानेवारी 1921 मधील पुस्तिकेत लेनिन यांनी या उदाहरणावरच बोट ठेवले. पेल्याला दोनच नव्हे, असंख्य गुणधर्म आहेत. तो फेकून मारता येतो, कागदांवर वजन म्हणून ठेवता येतो, त्यात फुलपाखरू कोंडता येते. ‘हेही आणि तेही’ असे म्हणत यादी वाढवत गेल्याने पेल्याविषयीचे ज्ञान वाढत नाही. पाणी प्यायचे असेल तर तो हुबेहूब नळकांडीसारखा आहे की नाही याला महत्त्व नाही, त्याचा तळ फुटका नाही ना आणि कडेने ओठ कापणार नाही ना, याला महत्त्व आहे. विरोधविकासवादी विचार वस्तूच्या सर्व बाजू पाहतोच. पण तेवढ्यावर न थांबता त्यांचे परस्परसंबंध पाहतो, वस्तू बदलत आहे हे पाहतो, आणि माणसाचा व्यवहार ही कसोटी लावतो. सत्य नेहमी ठोस असते, हा त्याचा निष्कर्ष. एक्लेक्टिक विचारात ‘आणि’ असतो, पण ‘म्हणून’ नसतो, असे थोडक्यात म्हणता येईल.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. खुद्द लेनिन यांनीच 1913 मध्ये मार्क्सवादाची तीन उगमस्थाने सांगितली होती. जर्मन तत्त्वज्ञान, इंग्लिश अर्थशास्त्र आणि फ्रेंच समाजवाद. तीन देशांतून तीन गोष्टी आणणारा मार्क्स मग एक्लेक्टिक का नव्हे? याचे उत्तर असे की, मार्क्सच्या हाती आल्यावर या तिन्हींपैकी एकही गोष्ट जशीच्या तशी उरली नाही. हेगेलचे तत्त्वज्ञान उलटे करावे लागले. रिकार्डोच्या मूल्यसिद्धांतातून वरकड मूल्याचा सिद्धांत काढावा लागला. फ्रेंच समाजवाद्यांच्या स्वप्नाला वर्गसंघर्षाची जमीन द्यावी लागली. एकीत झालेला बदल दुसरीत बदल घडवीत गेला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा प्रसंग सोडून चालणार नाही. डिसेंबर 1922 मध्ये आजारपणात सांगून लिहवलेल्या पत्रात लेनिन यांनी बुखारिन यांना पक्षाचे अत्यंत मोलाचे सिद्धांतकार म्हटले, आणि विरोधविकासवाद त्यांना पूर्णपणे उमगला नाही असेही त्याच दमात म्हटले. म्हणजे टीकाही राहिली आणि माणूसही राहिला. पुढे 1938 मध्ये बुखारिन यांना खोट्या आरोपांखाली गोळ्या घालण्यात आल्या. सोव्हिएत सरकारनेच 1988 मध्ये ते आरोप रद्द ठरवले. विचारातील चूक दाखवणारा शब्द जेव्हा माणसावर मारायचा शिक्का बनतो, तेव्हा त्याची परिणती कोठवर जाते, याचा हा इतिहास आहे. असा शब्द वापरणाऱ्याने तो विसरू नये.

नंदिनीचा चुनखडक

या सर्व विवेचनाचे सर्वांत सोपे उदाहरण अहिवाऱ्याच्या लगतच आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 1955 च्या फेब्रुवारीत करार झाला आणि 1959 च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. तिला लोहखनिज दल्ली-राजहऱ्याहून आले, डोलोमाइट बिलासपूरकडील हिर्रीहून आणि चुनखडक नंदिनीहून. कारखान्याच्या आवारात खनिज, कोक आणि चुनखडक यांचे ढीग शेजारी शेजारी असतात. ते सर्व निवडलेलेच असतात. पण ते ढीग म्हणजे पोलाद नव्हे. कितीही वर्षे तसेच ठेवले तरी होणार नाहीत.

भट्टीत मात्र प्रत्येकाला काम असते. कोक जळून उष्णता देतो आणि त्यातून निघणारा वायू खनिजातील ऑक्सिजन ओढून घेतो. चुनखडकाचा चुना होतो, तो खनिजातील सिलिकेशी संयोग पावतो आणि त्याची मळी बनते. मळी हलकी म्हणून वर तरंगते, लोखंड खाली उतरते. चुनखडक लोखंडात राहत नाही, पण त्याच्यावाचून लोखंड शुद्ध होत नाही. आणि ती मळीही वाया जात नाही. पाण्याच्या झोताने झटकन थंड करून तिचे दाणे केले की, क्लिंकरबरोबर दळून तिचे स्लॅग सिमेंट होते. जामुलचा कारखाना भिलाईच्या मळीवरच चालत आला आहे. येथील कामगाराला संग्रह आणि संयोग यांतील फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही. संग्रहात वस्तू एकमेकींच्या शेजारी असतात. संयोगात एक वस्तू दुसरीवर क्रिया करते, आणि त्या क्रियेला उष्णता लागते.

लाल आणि हिरवा

आता याच परिसरातील चळवळीकडे वळू. शंकर गुहा नियोगी यांनी दल्ली-राजहऱ्याच्या खाणीतील कंत्राटी कामगारांची संघटना 1977 मध्ये उभी केली. त्याच वर्षी जूनमध्ये तेथे गोळीबार झाला आणि कामगार मारले गेले. पुढे छत्तीसगड मुक्ती मोर्चाचा लाल-हिरवा झेंडा आला. लाल रंग कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. मजुरीबरोबर दारूबंदी, कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून उभे राहिलेले शहीद हॉस्पिटल, यंत्रांमुळे कामगार कमी होऊ नयेत म्हणून मांडलेली अर्ध-यांत्रिकीकरणाची योजना, आणि 1857 मध्ये रायपूर येथे फाशी गेलेल्या वीर नारायण सिंह यांचे स्मरण, असा हा कार्यक्रम होता. युनियनने पगाराचे पाहावे, इतर गोष्टींत शिरू नये, असे मानणाऱ्यांना ही भेळ वाटणे स्वाभाविक होते.

पण या गोष्टी कोणत्या क्रमाने आल्या ते पाहा. लढ्यामुळे मजुरी वाढली. वाढलेला पैसा दारूच्या दुकानात जाऊ लागला, म्हणून स्त्रियांच्या पुढाकाराने दारूविरोधी मोहीम आली. संघटनेतील एक पुढारी स्त्री बाळंतपणात उपचाराअभावी मरण पावली, म्हणून दवाखान्याचा विचार आला आणि 3 जून 1983 रोजी, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, हॉस्पिटल सुरू झाले. मजुरी महाग झाली म्हणून यंत्रे आणण्याचा घाट घातला गेला, म्हणून यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडावा लागला. खाणकामगार हा कालपरवाचा शेतकरी आणि आदिवासी होता, म्हणून झेंड्यात हिरवा रंग आला आणि दुष्काळात गोरगरिबांसाठी धान्याचे कोठार खुले करणारा नारायण सिंह त्याला आपला वाटला. येथे ‘आणि’ थोडे आहेत, ‘म्हणून’ पुष्कळ आहेत. या कार्यक्रमाशी मतभेद असू शकतात. पण त्याला एक्लेक्टिक म्हणणे शब्दाच्या अर्थाला धरून होत नाही.

भिलाईतील कारखान्यांच्या कंत्राटी कामगारांचा लढा चालू असताना 28 सप्टेंबर 1991 रोजी नियोगींचा खून झाला. 1 जुलै 1992 रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. त्यानंतर मोर्चात फुटी पडल्या, हेही लपवण्याचे कारण नाही. एखाद्या व्यक्तीच्या हातात ज्या गोष्टींचा सांधा असतो, तो त्या व्यक्तीमागे टिकतो की नाही, ही व्यवहाराचीच कसोटी आहे. आणि सांधा निखळला म्हणून तो कधी नव्हताच, असाही निष्कर्ष निघत नाही.

महाराष्ट्रातही हाच वाद दुसऱ्या नावाने झाला. शरद पाटील यांनी 1978 मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स, फुले व आंबेडकर यांच्या विचारांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. वर्गाबरोबर जात आणि स्त्रीदास्य यांची मीमांसा झाल्याशिवाय भारतीय समाजाचा उलगडा होत नाही, हा त्यांचा आग्रह होता. त्यांची मांडणी स्वीकारायची की नाही, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पण हा प्रयत्न सारसंग्रह आहे की समन्वय, हे फलकावरच्या नावांच्या संख्येवरून ठरत नाही. तीन तसबिरी एका ओळीत लावून, तिघांच्या जयंत्या साजऱ्या करून, खाणीवरच्या मुकादमाची जात आणि झाडूवालीची जात यांविषयी एक शब्दही न बोलणे, हा खरा एक्लेक्टिकपणा. अहिवाऱ्याच्या परिसरात सतनामी समाजाची वस्ती मोठी आहे, आणि हा विधानसभा मतदारसंघही अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. येथे कंत्राटी मजुराचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न कोणी बाहेरून आणून जोडत नाही. ते एकाच माणसाच्या पाठीवर आहेत. ते तोडून पाहणे हीच कृत्रिम गोष्ट आहे.

कसोटी

तेव्हा एखादी भूमिका, कार्यक्रम किंवा लेख एक्लेक्टिक आहे असे म्हणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : निवड कोणी केली आणि कोणाच्या गरजेसाठी? दिदरोची निवड आणि कूझँची निवड यांत फरक पडला तो येथेच.

दुसरा प्रश्न : एकत्र आलेल्या गोष्टी एकमेकींवर काही परिणाम करतात की नुसत्या शेजारी बसल्या आहेत? एक काढून घेतली तर दुसरी तशीच राहत असेल, तर तो ढीग आहे. एक काढताच दुसरी कोलमडत असेल, तर तो संयोग आहे.

तिसरा प्रश्न : ज्या गोष्टी जुळत नाहीत, त्यांविषयी स्पष्ट बोलले जाते की गप्प बसले जाते? संयुक्त आघाडीत मतभेद असणारच. मतभेद जाहीर करून मर्यादित कार्यक्रमासाठी एकत्र येणे ही आघाडी. मतभेदांवर गोड शब्दांचे पांघरूण घालणे हा संधिसाधूपणा.

भाषांतरापुरते बोलायचे तर, एकच मराठी शब्द सर्व ठिकाणी वापरण्याचा हट्ट सोडावा. कूझँच्या पंथाला ‘सारसंग्रहवाद’ म्हणावे. कलेच्या संदर्भात ‘अनेक शैलींतून घेतलेले’ असे साध्या शब्दांत सांगावे. लेनिन यांच्या टीकेत मात्र ‘हेही-तेही करणारा जुळवाजुळवीचा विचार’ असे लिहावे. त्यात चार शब्द अधिक जातील, पण वाचकाला नेमकी चूक कोठे आहे ते कळेल. ज्या शब्दाने चूक कळते तो शब्द उपयोगाचा. ज्या शब्दाने फक्त माणूस गप्प होतो तो शब्द, ग्रीक असो की मराठी, बाजूला ठेवावा.

आणि यापुढे अभ्यासवर्गात कोणी कोणाला एक्लेक्टिक म्हटले, तर त्याने पुढच्याच वाक्यात कोणत्या दोन गोष्टी जुळत नाहीत आणि का, हे सांगितले पाहिजे. ते सांगता आले तर चर्चा पुढे जाईल. सांगता आले नाही तर शेरा मागे घ्यावा आणि ज्याचे बोलणे अर्धवट तुटले होते त्याला ते पूर्ण करू द्यावे.